जीपला कॅमेरा बसवायला कर्वेनगर ते धायरी

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत हल्ली लोक व्हिएतनामला जाऊन येतात, बाकूला जाऊन येतात, आणि आल्यावर गच्चीत खुर्च्या मांडून बाकीच्यांना फोटो दाखवतात. बुधवार पेठेत मात्र कुणी जात नाही. 'तिथे पार्किंग नाही' एवढं म्हटलं की विषय संपतो. लागेल ती वस्तू मोबाईलवर मागवायची आणि बिघडलेली निघाली की मोबाईलवरच भांडायचं. आम्ही उभयता नुकतेच बुधवार पेठ, सदाशिव पेठ आणि धायरी असा तीन दिवसांचा प्रवास करून आलो. जे तिकडे गेलेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

प्रवासी कोण, ते आधी सांगते. मी सुनंदा. नोकरी वीजखात्यात केली, तीही मीटर तपासणीच्या पथकात. घराचं दार उघडणारा माणूस गरजेपेक्षा जास्त हसला की याच्या मीटरला काहीतरी केलेलं आहे, असं मला अजूनही वाटतं, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. दुसरे प्रवासी माधवराव, म्हणजे माझे यजमान. हे एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये होते. कागदावरची रेघ केसभर सरकली तरी नुसत्या नजरेनं सांगायचे, आणि सांगितल्यावर दिवसभर त्याच आनंदात राहायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच हट्ट केला, तो म्हणजे चारही चाकं ओढणारी, डोंगर चढणारी जीप. लोक निवृत्तीनंतर हार्मोनियम घेतात. आमच्याकडे जीप आली.

प्रवासाचं कारण ही जीपच. महिन्याभरापूर्वी आम्ही वेल्ह्याकडे त्यांच्या मित्राच्या शेतावर निघालो होतो. शेवटी एक उभा कच्चा चढ लागतो. चढाच्या माथ्याशी जीपचं नाक आभाळाकडे गेलं, आणि नेमकी तिथे रस्त्यात एक बाई गवताचा भारा टेकवून बसली होती. मी किंचाळले. माधवरावांनी ब्रेक मारला. बाई आणि बंपर यांच्यात हातभर अंतर राहिलं असेल. ती उठली, कमरेवर हात ठेवून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, भारा डोक्यावर घेतला आणि निघून गेली. तिचं काही चुकलं नव्हतं.

"बॉनेट उंच आहे ग," माधवराव म्हणाले. "कुणालाही दिसलं नसतं."

पुढे जो भेटेल त्याला ते हा प्रसंग सांगायचे. लाल लुगडं, गवताचा भारा, कमरेवरचा हात, सगळं रंगवून. मला मात्र त्यानंतर झोप लागेना. त्या बाईच्या जागी तिचं नातवंड असतं तर? मी घरात कायदा केला, की जीपच्या पुढे काय आहे ते आतून दिसेपर्यंत मी जीपमध्ये बसणार नाही आणि तुम्हीही त्या चढावर जाणार नाही.

शोरूममध्ये चौकशी केली. जीपमध्ये कंपनीचा पडदा आहे. रिव्हर्स गिअर टाकला की मागचं चित्र त्यावर येतं. पुढचं दाखवायचं असेल तर वरच्या मॉडेलची गाडी घ्या, असं तिथल्या मुलीनं गोड आवाजात सुचवलं. मग माधवरावांनी इंटरनेटवर शोध लावला, की स्वस्तातला साधा कॅमेरा आणि एक छोटी डबी मिळते, तेवढ्यावर कंपनीच्याच पडद्यावर पुढचं चित्र आणता येतं.

मी होकार दिला, पण मनात पाल चुकचुकली. हा माणूस कॅमेऱ्यासाठी फारच उतावीळ झाला होता. चढावर जाऊ नका म्हटल्यावर वाद घालायला हवा होता, तो घातला नाही. संध्याकाळनंतर गाडी काढणं बंद केलं होतं. सोसायटीच्या गेटच्या खांबाला जीप घासली तेव्हा खांबालाच नावं ठेवली. या सगळ्याचा मी एकच अर्थ लावला. यांचे दोन जुने मित्र दर वर्षी जीप घेऊन हिमालयात जातात. या वर्षी तेही जाणार, मला शेवटच्या दिवशी सांगणार, आणि म्हणून आता जीपला आणि स्वतःला जपताहेत.

बुधवार पेठ

कायद्याप्रमाणे मी जीपमध्ये बसणार नव्हते, म्हणून रिक्षानं गेलो. रिक्षावाल्यानं 'बुधवार पेठेत नक्की कुठे?' असं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कॅमेरा घ्यायला. त्यानं मीटर टाकला.

जे गेले नाहीत त्यांना सांगते, तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत दुकान म्हणजे एका माणसाला बसायची आणि अर्ध्या माणसाला उभं राहायची जागा. बाकी सगळी जागा मालाची. वायरींची भेंडोळी, रिमोट, पंख्यांचे कंडेन्सर, असल्या वस्तू छतापासून लोंबत असतात. आमच्या कर्वेनगरात दुकानदार 'या मॅडम, काय दाखवू' म्हणून पुढे येतो. इथे आपणच पुढे व्हायचं आणि तो पेपर वाचून होईपर्यंत थांबायचं.

"गाडीचा पुढचा कॅमेरा बघायचाय," माधवराव म्हणाले.

"बघा," दुकानदार म्हणाला आणि पान उलटलं.

भिंतीवर एक पाटी होती. माधवरावांनी मला कोपरानं ढोसलं आणि हळूच विचारलं, काय लिहिलंय ग?

"'वेळ घालवायचा असेल तर बाग जवळच आहे.' चष्मा कुठाय तुमचा?"

"घरी राहिला."

चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. मला दिसत होता. मला वाटलं, दुकानदाराच्या तोंडी लागायला नको म्हणून माझ्या आड लपताहेत. त्यांचा तो स्वभावच आहे.

मग मीच सूत्रं हातात घेतली. दुकानदारानं काउंटरवर एक कॅमेरा आधीच जोडून ठेवला होता, बोराएवढा, काळा. छोट्या टीव्हीवर आमचे दोघांचे चेहरे आले. माझ्या कपाळावरची आठीसुद्धा स्वच्छ दिसली.

"आणि हे कंपनीच्या पडद्यावर येणार कसं?"

आता त्यानं पेपर खाली ठेवला. "मागच्या कॅमेऱ्याची वायर या डबीत. पुढच्याची पण या डबीत. डबीतून एकच वायर पडद्याला. डॅशबोर्डवर बटण बसवायचं. बटण दाबलं की पडद्याला वाटतं रिव्हर्स पडला. मग तो चित्र दाखवतो, पण पुढचं."

"म्हणजे पडद्याशी खोटं बोलायचं."

"मॅडम, पडदा काही मनाला लावून घेत नाही."

"गॅरंटी?"

"कशाची? माझी का कॅमेऱ्याची?"

मला हा माणूस आवडायला लागला होता, आणि म्हणूनच मी सावध झाले. मी बंद खोका मागितला. तो म्हणाला, उघडून, जोडून, दाखवून देतो. मी म्हटलं, अजिबात नाही. सील तोडलेला माल मी घेत नाही. आयुष्यभर मी सीलच तपासत आले, तुटलेलं दिसलं की माझा हात आपोआप पंचनाम्याकडे जातो.

"न उघडता घेणार?"

"हो."

"आणि घरी जाऊन म्हणणार, दुकानदारानं फसवलं."

"फसवलं असेल तर म्हणेनच."

त्यानं नवा खोका काढला. मी चारही बाजूंनी फिरवून पाहिला, कडेची चिकटपट्टी नखानं तपासली आणि मगच पिशवीत टाकला. माधवराव सगळा वेळ त्या छोट्या टीव्हीकडे अगदी जवळून पाहत उभे होते. 

सदाशिव पेठ

तिथून चालत सदाशिव पेठेत आलो. चालताना माधवरावांनी माझा दंड धरला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, रस्त्यात कधी बोट धरलं नाही, आणि आज भर लक्ष्मी रस्त्यावर दंड. एखाद्या बाईला बरं वाटलं असतं. मला वाटलं, हिमालयाची परवानगी मागण्याची ही पूर्वतयारी आहे.

एका उपाहारगृहात त्यांनी मला बसवलं. "तू खा काहीतरी. इथे जवळच एकाला भेटायचंय, येतो."

"कोणाला?"

"आहे एक. तू नाही ओळखत."

मी साबुदाण्याची खिचडी मागवली. सदाशिव पेठेतली खिचडी मोकळी असते, दाण्याचं कूट हात राखून घातलेलं नसतं, आणि वर लिंबाची फोड मागावी लागत नाही. बटाटा मात्र फार बारीक चिरतात, तो सापडत नाही. खिचडी संपली, ताक झालं, काकडीची कोशिंबीर झाली. वेटर येऊन तीनदा 'अजून काही?' म्हणून गेला, त्यातला तिसरा 'अजून काही' म्हणजे उठा होता. तेव्हा कुठे माधवराव आले. डोळ्यांवर काळा चष्मा.

"हा कधी घेतलात?"

"ऊन फार आहे."

आभाळ भरून आलं होतं. माझी आता खात्रीच पटली. हिमालयात बर्फावर ऊन चमकतं, तिथे काळा चष्मा लागतो. म्हणजे तो 'एक' कोण ते कळलं, सहलीचं बुकिंग घेणारा. रिक्षात मी तोंड फिरवून बसले. ते रिक्षाचा दांडा धरून बसून होते.

धायरी

दुसऱ्या दिवशी धायरी. फिटिंग करून देणारे बाळासाहेब तिथले. धायरी आता पुण्यातच आहे, पण बाळासाहेबांना विचारलं तर पुणंच धायरीत आलं. वडिलोपार्जित जमिनीवर आता दुसऱ्यांच्या इमारती आहेत, आणि जिथे त्यांचा गोठा होता तिथे गॅरेज. दावणीचे दगड अजून तसेच आहेत, त्यावर गिऱ्हाइकांनी बसायचं.

माधवराव जीप घेऊन पुढे, मी स्कूटरवर मागे, अशी आमची वरात कर्वेनगरातून निघाली. राजाराम पुलावर मी पाहिलं, जीप रस्त्याच्या मधोमध अगदी दबकत चालली होती. डावीकडची बस हॉर्न वाजवते, उजवीकडचे बाईकवाले हातवारे करतात, पण आमची जीप मधली जागा सोडत नाही. मला वाटलं, मागे मी आहे म्हणून सज्जनपणाचं प्रदर्शन चाललंय.

बाळासाहेब पांढऱ्या स्वच्छ शर्टात गाडीखाली जातात आणि तसेच पांढरे बाहेर येतात. स्वतःच्या कामाबद्दल त्यांचं मत फार चांगलं आहे, आणि ते विचारावं लागत नाही.

"आख्ख्या शिंव्हगड रोडला ईचारा. बाळासाहेबानं हात लावल्याली गाडी परत आली का? येतीया, पण गिऱ्हाईक दुसरी गाडी घिऊन येतंय."

त्यांनी डॅशबोर्डचे चाप सोडवून कंपनीचा पडदा बाहेर ओढला. त्याच्या मागे वायरींचा गुंता. माझा जीव वरखाली झाला, कारण पडद्यावरचं कंपनीचं प्लॅस्टिक मी अजून निघू दिलेलं नाही. आमच्याकडे ती पद्धतच आहे. टीव्हीचा रिमोट पिशवीत, सोफ्याचे हात कव्हरात, मिक्सरवर अजून स्टिकर. वस्तू नवी दिसते तोवर आपली, असं माझ्या आईचं म्हणणं होतं.

"ताई, तुमी जरा तिकडं दगडावर बसता का? तुमी बगाय लागला की वायर बी घाबरतीया."

मी हलले नाही. खोका माझ्या समोर फोडायला लावला. आतला कॅमेरा हातात घेऊन पाहिला, निळ्या चकचकीत झिरझिरीत आवरणात होता, कोराकरकरीत. तो त्यांनी पुढच्या जाळीत मधोमध बसवला, वायर इंजिनाच्या कडेकडेनं, रबरी बुचातून आत घेतली. दुपारी त्यांच्या घरून डबा आला, कुळथाची शेंगोळी आणि कांदा. शेंगोळी आमच्याकडेही होतात, पण आम्ही ती पाहुण्यांना वाढत नाही. इथे मात्र पाहुण्यांसाठीच केली होती, लसूण ठेचून घातलेला, आणि रस्सा इतका झणझणीत की मला शंका घ्यायलाही सवड मिळाली नाही. माधवरावांनी ताटातली शेंगोळी चमच्यानं चाचपडत खाल्ली. पलीकडची हिरवी मिरची शेंगोळं समजून तोंडात टाकली आणि पाणी पाणी केलं. बाळासाहेब खूप हसले. मीही हसले.

कॅमेऱ्याभोवती लावलेला गोंद वाळायला हवा, चाचणी उद्या घेऊ, असं बाळासाहेब म्हणाले. जीप तिथे ठेवावी लागणार होती. म्हणजे रात्रभर कॅमेरा यांच्या ताब्यात. मी जीपच्या जाळीचा, बंपरचा आणि कॅमेऱ्याचा जवळून एकेक फोटो काढला. बाळासाहेब कमरेवर हात ठेवून पाहत होते.

"आजून माझा बी काढा की एक."

मी काढला. परत येताना स्कूटर मीच चालवली. माधवराव म्हणाले, खांदा दुखतोय.

माळावरचा चढ

तिसऱ्या दिवशी सकाळी मागे माधवरावांना बसवून पुन्हा धायरी. गावाच्या पाठीमागे बाळासाहेबांच्या भावकीचा माळ आहे, तिथे जीप नेली. खडकाळ, उभा चढ, वर बोरीची झुडपं आणि त्यापलीकडे काही दिसत नाही. वेल्ह्याच्या चढाचा सख्खा भाऊ. माधवराव स्टिअरिंगला, शेजारी बाळासाहेब, मागे मी. चढाच्या पायथ्याशी बाळासाहेबांनी बटण दाबलं.

पडद्यावर चित्र आलं. चित्र म्हणजे काय, निळसर दूध सांडल्यासारखं काहीतरी. झुडपं कुठली, दगड कुठला, आभाळ कुठलं, काही पत्ता लागेना.

"हे काय?" मी म्हटलं.

"आँ?" बाळासाहेब पुढे वाकले. "काल सांजच्याला शेडात बगितला तवा वाटलं आंधारामुळं आसंल."

"छान दिसतंय की," माधवराव म्हणाले, आणि पहिला गिअर टाकला.

"थांबवा गाडी!" मी असं ओरडले की झुडपातले होले उडाले. गाडी थांबली.

माझ्या डोक्यात एकाच वेळी तिघांवर खटले सुरू झाले. दुकानात दाखवलेला कॅमेरा स्वच्छ होता, म्हणजे दुकानदारानं खोक्यात दुसराच घातला. किंवा रात्रीत बाळासाहेबांनी आमचा काढून भंगारातला बसवला. आणि माधवराव तर उघडच या फसवणुकीत सामील होते, नाहीतर या धुक्याला कुणी छान म्हणेल?

"बाळासाहेब, खरं सांगा, कॅमेरा बदललात?"

"ताई, आईची आन! तुमच्या म्होरं बशिवला. तुमच्याकडं फोटू हाय. त्या पेठंतल्या दुकानदारानंच डुप्लिकेट गळ्यात मारलाय."

मी खाली उतरले. मोबाईलवर कालचे फोटो उघडून जाळीशी वाकले. गोंद तोच, स्क्रू तोच, कॅमेरा तोच. मग पदरानं भिंग पुसायला गेले तर नखाला काहीतरी लागलं. कडेला एक इवलीशी शेपटी होती. ते निळं चकचकीत आवरण भिंगावर तसंच होतं.

"बाळासाहेब! प्लॅस्टिक कोण काढणार?"

ते खाली आले, पाहिलं, आणि त्यांना जराही लाज वाटली नाही. "मी न्हाई काडत. कधीच न्हाई. काडलं की गिऱ्हाईक म्हंतंय, जुना माल बशिवला. मागं एकानं सीटच्या कवरावरनं पोलीस बोलिवलं व्हतं. तवापास्नं मी ठरिवलं, नव्या वस्तूचं पलास्टिक ज्याचं त्यानं काडायचं. आन तुमी तर काल सील बगत व्हता."

 मी शेपटी धरली आणि आवरण ओढून काढलं.

बाळासाहेब गाडीत डोकं घालून ओरडले, "आरारारा! बगा, बगा साहेब! ताईच्या नाकातली चमकी दिसतीया! बोरीवरची बोरं मोजून घ्या!"

जीपच्या काचेतून मला माधवराव दिसत होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मान पुढे केली, मागे घेतली. मग हसून म्हणाले, "मग मी मघापासून काय सांगतोय? तस्संच तर आहे."

बाळासाहेब हसायचे थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा माधवरावांकडे.

मी चार पावलं मागे सरून जीपच्या नाकासमोर उभी राहिले. हात वर केला. हातात ते निळं प्लॅस्टिक होतं, उन्हात लखलखत होतं.

"माझ्या हातात काय आहे?"

"नाटकं करू नकोस, सुनंदा. बस गाडीत."

"काय आहे हातात? पडद्यात बघा, नाहीतर काचेतून बघा. सांगा."

 त्यांचे डोळे माझ्यावरच होते, पण हाताच्या जरा बाजूला, जिथे काहीच नव्हतं. वेल्ह्याच्या चढावर ती बाई मला दिसली होती, त्याच बॉनेटवरून, आणि मी त्यांच्यापेक्षा वीतभर बुटकी आहे. बॉनेट उंच नव्हतं. इतक्या लोकांच्या मीटरमधली चोरी पकडली मी, आणि हे समोर असून मला हिमालय दिसत राहिला.

बाळासाहेब म्हणाले, त्यांना विहिरीवरची मोटर बघायची आहे, आणि लांब निघून गेले.

मी माधवरावांच्या बाजूचं दार उघडलं.

"कधीपासून?"

"गणपतीपासून धूसर होतं. मग वाढत गेलं. उजवा जास्त."

"सदाशिव पेठेत कोणाला भेटलात?"

"डोळ्यांच्या डॉक्टरांना. दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, पिकलाय. ऑपरेशन करू म्हणाले, घाबरायचं कारण नाही म्हणाले."

"आणि गाडी?"

"नको म्हणाले. तोवर अजिबात नको."

"हे परवा म्हणाले, आणि काल तुम्ही जीप घेऊन राजाराम पूल ओलांडलात?"

त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढून मांडीवर ठेवले. "माझ्या दादाच्या डोळ्यांचं ऑपरेशन बिघडलं होतं, तुला माहीत आहे. दादा मग शेवटपर्यंत खिडकीत बसून राहिला. मला वाटलं, कॅमेरा लागला की तेवढं भागेल. पडदा जवळ असतो. जवळचं दिसतं अजून, थोडंफार."

"मला सांगायचं नाही?"

"तू लगेच किल्ली काढून घेतली असतीस."

"हो. घेतलीच असती."

मला भयंकर राग आला होता. इतका की त्यांना तिथेच माळावर सोडून जावं असं वाटलं. आणि त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं, कारण ते डोळे मला शोधत होते. मी हात पुढे केला. त्यांनी किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली, पण आधी त्यांचा हात माझ्या मनगटावर पडला, मग तळहात सापडला.

परत

स्कूटर बाळासाहेबांच्या गोठ्यात राहिली. जीप मी आणली. माझ्याकडे लायसन्स आहे, आमची जुनी छोटी गाडी मी चालवायची, पण ही जीप माधवरावांनी मला कधी दिली नव्हती आणि मी मागितली नव्हती. ते डावीकडे बसले, पट्टा लावायला त्यांना वेळ लागला. बाळासाहेबांनी निघताना खिडकीत हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, डोळं करून घ्या. मग या. चढ काय पळून जात न्हाई." माधवरावांनी मान हलवली.

मी बटण दाबून ठेवलं होतं. सिंहगड रस्त्यावरच्या रिक्षा, हातगाड्या, एक ढिम्म म्हैस, सगळं पडद्यावर लख्ख येत होतं. कॅमेरा उत्तम आहे. दुकानदारानं फसवलं नव्हतं, बाळासाहेबांनी बदलला नव्हता, आणि ज्यांना असा कॅमेरा बसवायचा असेल त्यांनी खुशाल बसवावा. फक्त प्लॅस्टिक काढा.

राजाराम पुलाच्या सिग्नलला थांबलो तेव्हा माधवराव म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. त्या बाईबद्दल."

"वेल्ह्याच्या?"

"मला ती दिसली नव्हती."

"कळलं ते मला. मी ओरडले तेव्हा दिसली."

"तसं नव्हे. तू ओरडल्यावरही नाही. मी तुझ्या आवाजावर ब्रेक मारला. गाडी थांबली, ती शिव्या द्यायला लागली, तेव्हा आवाजाच्या दिशेनं बघितलं मी. तिथे काहीच नव्हतं, नुसतं पांढुरकं. लाल लुगडं, भारा, कमरेवर हात, ते सगळं तू घरी आल्यावर सांगितलंस. मी तेच लोकांना सांगत होतो. तिला मी पाहिलेलंच नाही."

सिग्नल हिरवा झाला. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. समोर रस्ता मोकळा होता, काचेतून दिसत होता, पडद्यावरही दिसत होता. तरी माझ्यानं ब्रेकवरून पाय उचलवेना. मी हँडब्रेक ओढला, दार उघडून खाली उतरले, जीपच्या पुढे जाऊन वाकून पाहिलं, आणि कुणी नाही अशी खात्री झाल्यावर परत येऊन गिअर टाकला.